इलेक्ट्रॉनिक की ॲकॉस्टिक? आधी खालच्या मजल्याचा विचार करा

माझ्या भाचीचा ड्रमचा क्लास सुरू झाला आणि घरी किट घ्यायचं ठरलं, एक तर ॲकॉस्टिक (खरे ड्रम), नाही तर इलेक्ट्रॉनिक (पॅड वाजवायची, आवाज हेडफोनमध्ये ऐकायचा). "मावशी, ॲकॉस्टिक घेऊ की इलेक्ट्रॉनिक?" असं तिने विचारल्यावर मी तिलाच विचारलं, तुमच्या खाली कोण राहतं? तिला वाटलं होतं मी कंपन्यांची नावं सांगेन. पण मी बरीच वर्षं दोन्ही प्रकारची किट्स वाजवते आहे आणि या बाबतीत माझं मत पक्कं आहे. नवशिक्याने रोज, हव्या त्या वेळी, कुणाचा रोष न ओढवता ज्यावर बसता येईल ते किट घ्यावं. बाकीचं त्यानंतर बघावं.

ॲकॉस्टिक किट जरा जोरात वाजवलं की आवाज १०० डेसिबलच्या वर सहज जातो. कामाच्या ठिकाणच्या आरोग्यावर संशोधन करणारी अमेरिकेतली नायॉश ही संस्था सांगते, की ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला फार तर ८ तास कानावर पडावा, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी करावी. त्या हिशेबाने १०० डेसिबलला १५ मिनिटं उरतात. शेजाऱ्यांचं सोडा, स्वतःच्या कानांसाठीसुद्धा पहिल्या दिवसापासून इअरप्लग लागतात. "मग हळू वाजव ना" असं घरचे म्हणतात. पण हळू आणि तरीही स्वच्छ वाजवणं ही फार पुढची विद्या आहे. नवशिक्या दबकत वाजवायला लागला की त्याचे खांदे आखडतात, मनगट सुटत नाही आणि स्टिक हेडवरून (ड्रमच्या ताणलेल्या पडद्यावरून) उसळायच्या ऐवजी तिथेच दाबली जाते.

स्वतंत्र घर असेल, तळमजला असेल, शेजार लांब असेल तर ॲकॉस्टिक घ्यायला माझी काहीच हरकत नाही. बाकीच्यांनी इलेक्ट्रॉनिक घ्यावं. मात्र हेडफोन लावले की आवाजाचा प्रश्न मिटला, असं समजू नये. रबरी पॅडची टकटक शेजारच्या खोलीत ऐकू येतेच, पण खरा त्रास किकचा, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा असतो. बीटर (पेडलला लावलेला हातोडा) पॅडवर आदळतो, तो धक्का स्टँडमधून फरशीत उतरतो आणि खालच्या घराच्या छतातून बाहेर पडतो. मी स्वतः खालच्या घरात बसून हे ऐकलं आहे. वर माझा नवरा पेडल मारत होता. गाण्याचा सूर नाही, स्नेअर (खाली तारा लावलेला मुख्य ड्रम) नाही, काही नाही. नुसतं धप्प, धप्प, धप्प, आणि तेही जरा अनियमित. दिवसभर दमून आलेल्या माणसाला ते किती असह्य होईल, हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही.

जाड गालिचा टाकून हे थांबत नाही. गालिचा टकटक मऊ करतो, खालच्या पट्टीतला धक्का त्यातून आरपार जातो. उपयोग होतो तो टेनिस बॉलच्या चौथऱ्याचा. प्लायवूडच्या दोन फळ्या घ्यायच्या. खालच्या फळीत बॉलच्या व्यासापेक्षा लहान भोकं पाडायची, म्हणजे बॉल त्यात अर्धवट बसतो आणि घरंगळत नाही. वर दुसरी फळी ठेवायची, तिच्यावर गालिचा, त्यावर किट. वरची फळी खालच्या फळीला, भिंतीला किंवा कपाटाला कुठेही टेकता कामा नये. एक कोपरा भिंतीला टेकला तरी धक्क्याला वाट मिळते आणि केलेली मेहनत वाया जाते. बॉल किकच्या आणि स्टुलाच्या खाली जरा दाट लावावेत, कारण वजन तिथे जास्त येतं. आमच्याकडे हे केल्यावर मी पुन्हा खाली जाऊन ऐकलं. धक्का पूर्ण गेला नव्हता, पण पंखा सुरू केला की लक्षात येत नव्हता.

आता इलेक्ट्रॉनिकमध्ये काय बघायचं? मी सगळ्यात आधी पायाकडे बघते. स्वस्त किट्समध्ये बऱ्याचदा बीटरच नसतो; नुसतं दाबायचं पेडल असतं आणि त्याच्या आत सेन्सर. ते घेऊ नये. खऱ्या पेडलला स्प्रिंग असते, बीटर आपटून मागे येतो, आणि तो परत येताना पायाने त्याला कसं सांभाळायचं हेच तर शिकायचं असतं. ज्या किटमध्ये उभा किक पॅड आहे आणि त्याला नेहमीचं पेडल लावता येतं, तेच घ्यावं. ते पेडल उद्या ॲकॉस्टिक किटवरही चालतं.

मग स्नेअरचं पॅड. बाकी टॉम (सुटे छोटे-मोठे ड्रम) रबराचे असले तरी चालेल, स्नेअर मेशचा, म्हणजे जाळीचा हवा. १९८१ साली सिमन्स कंपनीचं एसडीएस-व्ही हे इलेक्ट्रॉनिक किट आलं, तेव्हा त्याची षटकोनी पॅड्स इतकी कडक होती की वाजवणाऱ्यांची मनगटं दुखायची. १९९७ मध्ये रोलँड कंपनीने टीडी-१० या किटबरोबर जाळीची हेड्स आणली, ती रेमो या हेड बनवणाऱ्या कंपनीच्या मदतीने. आज साध्या किटवरही आपल्याला मेश मिळते ती त्या वाटेनेच आलेली. एक मात्र लक्षात ठेवावं, मेशवर स्टिक नको तितकी उसळते. ॲकॉस्टिकच्या सैल फ्लोअर टॉमवर (सगळ्यात मोठ्या टॉमवर) गेलात की तीच स्टिक निम्म्यानेही परत येत नाही आणि डबल स्ट्रोकमधला (एकाच हाताच्या सलग दोन ठोक्यांमधला) दुसरा ठोका गायब होतो. यावर माझा उपाय साधा आहे: मेशच्या बरोबरीने अधूनमधून उशीवर डबल स्ट्रोक काढायचे. उशी काहीच परत देत नाही, सगळं काम बोटांना करावं लागतं.

मॉड्यूलमध्ये (पॅडचे आवाज काढणाऱ्या डब्यात) किती आवाज भरले आहेत, यावर वेळ घालवू नका. नवशिक्याला आवाजांचे दोन-तीन साधे संच पुरतात.

माझा जास्त जीव अडकतो तो आवाजाच्या तोलात. पॅडखाली एक पिझो सेन्सर असतो. ठोका पडला की तो थोडा विद्युतदाब देतो, मॉड्यूल त्याचा आकडा करतं आणि त्या आकड्याप्रमाणे साठवलेला आवाज सोडतं. मिडीच्या (इलेक्ट्रॉनिक वाद्यांना जोडणाऱ्या ठरलेल्या पद्धतीच्या) भाषेत ठोक्याची ताकद १ ते १२७ यांत बसवली जाते. यात खूप काही मावतं, पण सगळं मावत नाही. ॲकॉस्टिक स्नेअरच्या मधोमध वाजवलं तर कोरडा, भरीव आवाज येतो. कडेकडे सरकलं की घणघण वाढते. स्टिकने हेड आणि रिम (भोवतीचं कडं) एकाच वेळी गाठली की रिमशॉट फुटतो. खालच्या हेडला लागून तारा असतात, त्या शेजारचा टॉम वाजला तरी सळसळतात. आणि घोस्ट नोट्स, म्हणजे दोन मुख्य ठोक्यांमधले ते अगदी पुसट ठोके, या तारांवरच जिवंत होतात. साध्या पॅडवर ते एक तर ऐकूच येत नाहीत, किंवा ऐकू येतात तेव्हा सगळे एकसारखे.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, इलेक्ट्रॉनिक किटवर हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) जास्तीत जास्त किती मोठी ऐकू यावी हे मॉड्यूलने आधीच ठरवलेलं असतं. तुम्ही ती कितीही बडवा, कानाला सगळं नीटनेटकं लागतं. ॲकॉस्टिकवर बसलात की उजव्या हाताची ती सवय उघडी पडते: हाय-हॅट सगळ्यांच्या डोक्यावर, स्नेअर तिच्याखाली दबलेला, आणि किक कुठे आहे ते शोधावं लागतं. हा तोल हातापायांनीच साधायचा असतो, तिथे बटण नसतं. म्हणून भाचीला मी अट घातली आहे, की क्लासमधल्या ॲकॉस्टिक किटवर दर आठवड्याला बसायचं, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला फोन ठेवून रेकॉर्ड करायचं. ड्रमच्या मागे बसून जे ऐकू येतं आणि समोरच्याला जे ऐकू येतं, त्यात फार फरक असतो. घरी मॉड्यूलवर रिव्हर्ब (आवाजाचा घुमार) बंद ठेवायचा. रिव्हर्बमध्ये वेळेची घसरण लपते.

इलेक्ट्रॉनिकचा फायदाही तितकाच खरा आहे. मेट्रोनोम थेट कानात, गाणं त्याच हेडफोनमध्ये, आणि रात्री जेवणं झाल्यावरही सराव करता येतो. ज्या वयात शाळा-कॉलेज-नोकरीतून वेळ मिळतो तो रात्रीच, त्या वयात ही फार मोठी गोष्ट आहे.

ज्यांना ॲकॉस्टिक घेणं शक्य आहे त्यांनी पैसे सिंबल्समध्ये (झांजांमध्ये) घालावेत. साध्या लाकडाच्या ड्रमवर चांगली हेड्स चढवली, ड्रम कीने समोरासमोरचे बोल्ट आलटून पालटून सारखे ताणले, की ड्रम छान बोलतो. वाईट सिंबल कशानेच सुधारत नाही. जुनं किट घेत असाल तर सिंबलच्या कडा आणि मधलं भोक बोटाने चाचपून बघा, तडा बहुतेक वेळा तिथेच असतो. हेड काढून ड्रम सपाट फळीवर पालथा घाला, आत टॉर्च लावा. कडेखालून उजेड येत असेल तर ती कड एकसारखी नाही आणि ट्यूनिंग नीट बसणार नाही. जुनं इलेक्ट्रॉनिक असेल तर प्रत्येक पॅड अगदी हळूपासून जोरापर्यंत वाजवा, रिम वेगळी वाजवा, आणि वायर हलवत असताना आवाज तुटतो का ते ऐका. लाकूड वीस वर्षांनीही दुरुस्त होतं, मॉड्यूलचे सुटे भाग मात्र पुढे मिळेनासे होतात.

मधला मार्गही आहे. ॲकॉस्टिक ड्रमवर मेश हेड्स आणि भोकं पाडलेली, कमी आवाजाची सिंबल्स लावता येतात. आवाज खूप उतरतो, हालचाल खऱ्या किटचीच राहते. पण किकचा धक्का थोडाफार उरतो आणि सिंबलची बारीक सळसळ दारातून बाहेर येते, त्यामुळे ज्याच्याकडे किट आधीच आहे त्यालाच मी हे सुचवते.

भाचीचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, तेव्हा तिच्यासाठी इलेक्ट्रॉनिक ठरलं: मेशचा स्नेअर, उभा किक पॅड, वेगळं पेडल. डबल पेडल (दोन्ही पायांनी किक वाजवायचं) हवं म्हणाली. त्याचे पैसे मी स्टुलाकडे वळवायला सांगितले. किटबरोबर फुकट येणारं स्टूल बहुतेक वेळा डगमगतं, आणि बूड स्थिर नसेल तर दोन्ही पाय मोकळे होत नाहीत. उंची अशी ठेवायची की मांड्या गुडघ्यांकडे किंचित उतरत्या राहतील. चौथऱ्याच्या फळ्या कापून आल्या की ते सगळं एकदमच बसवू.