ईमची वेस

आज इंग्लंडमधल्या डर्बीशर परगण्यातल्या ईम गावी जाऊन आले. परतीच्या बसमध्ये कुणाशी बोलावंसंच वाटेना.

१६६५ साली लंडनहून इथल्या शिंप्याकडे कापड आलं. त्यातल्या पिसवांबरोबर प्लेग आला, असं मानतात. सप्टेंबरात पहिला माणूस दगावला. पुढच्या जूनमध्ये विल्यम मॉम्पेसन आणि थॉमस स्टॅन्ली या धर्मगुरूंच्या सांगण्यावरून गावाने स्वतःलाच कोंडून घेतलं, रोग शेजारच्या गावांत जाऊ नये म्हणून. सुमारे २६० माणसं गेली. मॉम्पेसनची बायको कॅथरीनसुद्धा.

वेशीवरचा दगड पाहिला. त्याला खळगे आहेत. त्यात व्हिनेगर ओतून नाणी ठेवायची, बाहेरचे लोक धान्य ठेवून ती उचलून न्यायचे. मी एका खळग्यात बोट घातलं. कडा अगदी गुळगुळीत झाल्यात.

मग रायलीच्या शेतातल्या कबरी. एलिझाबेथ हॅनकॉकने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं इथे पुरली. मदतीला कुणी येऊ शकत नव्हतं. एकटीने. त्या गोल दगडी कुंपणापाशी मी बराच वेळ उभी होते, आजूबाजूला मेंढ्या चरत होत्या.

गावात त्या घरांतून आजही लोक राहतात. दारापाशी प्लेगने दगावलेल्यांच्या नावांची पाटी, आणि खिडकीत ताजी फुलं. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी सगळे त्याच घळीत प्रार्थनेला जमतात, जिथे चर्च बंद केल्यावर त्यांचे पूर्वज एकमेकांपासून लांब लांब उभे राहायचे. त्या रविवारी मला पुन्हा जायचंय.