"मावशी, तुमच्यासाठी काय मागू?"

गुरुवार, रात्री

बायबलचा शास्त्रपाठ संपला, मी शिकवते ती पोरगी निघाली, चपला घालता घालता प्रार्थनेसाठी म्हणून तिनं विचारलं, "मावशी, तुमच्यासाठी काय मागू?" मी म्हटलं, "काही नको गं, सगळं छान आहे." "तुम्ही दर वेळी हेच म्हणता," म्हणाली, आणि स्कूटी काढून गेली.

एवढंच झालं. पण जेवताना घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला.

यात मनाला लागण्यासारखं काय आहे? दृढीकरणाआधी, म्हणजे तिनं चर्चमध्ये स्वतः विश्वासाची कबुली देण्याआधी, पाळकसाहेबांनी तिला माझ्याकडे सोपवलं, तेव्हापासून काय करायचं ठेवलंय मी? तिच्या परीक्षेसाठी उपास केले. आईच्या ऑपरेशनच्या वेळी डबे पोचवले. लूकचं सगळं शुभवर्तमान तिच्याबरोबर वाचलं, एकेका दाखल्याशी थांबत. घरच्यांची बोलणी खाल्ली ती वेगळीच. आणि बाईसाहेबांची तक्रार काय, तर मी काही सांगत नाही! सांगू तरी काय? गुडघ्याचं? की धाकट्याचं? धाकट्याचं तर मी पाळकसाहेबांनाही...

जाऊ दे.

तिनं ते सहज म्हटलं असेल. पण सहज म्हटलेलंच जास्त टोचतं. दुसऱ्याचं दुखणं ऐकताना मी कशी ऐसपैस बसते, आणि माझ्याकडे वळलं की लगेच चहाचे कप उचलायला लागते. हे तिला दिसलं म्हणायचं. विशीतल्या पोरीला!

भांडी आवरताना बायबलमधल्या पौलाच्या रोमकरांस पत्राची सुरुवात आठवली. पौलानं तोवर रोम पाहिलंही नव्हतं. तिथल्या ख्रिस्ती मंडळीला लिहितो, तुम्हाला भेटायची फार ओढ लागली आहे, तुम्हाला काही आत्मिक दान द्यावं, तुम्ही स्थिर व्हावं. इथपर्यंत तो अगदी माझ्या पंगतीला. पण पुढच्याच वचनात वाक्य फिरवतो: म्हणजे तुमच्या विश्वासानं मला आणि माझ्या विश्वासानं तुम्हाला, असा दोघांनाही धीर यावा. एवढा मोठा प्रेषित, आणि कधी न भेटलेल्या माणसांकडून धीर घ्यायला तयार. हा अध्याय मी संडे स्कूलच्या शिक्षिकांना शिकवलाय. हो, बाराव्या वचनासकट.

आणि ती येशूची गालीलातली आज्ञा, जाऊन शिष्य करा म्हणणारी. डोंगरावर अकरा शिष्य होते, त्यातल्या काहींना शंका होती असं मत्तय त्याच्या शुभवर्तमानात लिहून मोकळा होतो. शंकावाल्यांना बाजूला बसवलं आणि उरलेल्यांना आज्ञा दिली, असं काही तो लिहीत नाही. आम्ही मात्र आधी पक्कं व्हायचं, मग दुसऱ्याला सांभाळायचं, अशी रांग लावून बसलोय.

आमच्या नगरच्या रेव्हरंड ना. वा. टिळकांचंच घ्या. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, एवढा मोठा कवी, शब्दांना काय तोटा! तरी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा व्हायला १९०० उजाडलं. आल्या त्या स्वतःच्या पायांनी, स्वतःचा विचार करून. टिळकांचं जिथं चाललं नाही, तिथं मी कोण लागून गेले?

अकरा वाजले. आत्ताच तिला मेसेज टाकला: गुडघा. एकच शब्द. धाकट्याचं एवढ्यात नाही सांगायची. पोरीची प्रार्थना लांबते, आणि आमेन झालं की लगेच "मग, फरक पडला का?" विचारायची खोड आहे तिला. आता डॉक्टरकडे नेल्याशिवाय काही सोडायची नाही.