दिवाळीच्या ड्यूट्या आणि आउटलुकची बटणं

दिवाळीत आमचं डिस्पॅच पूर्ण बंद ठेवता येत नाही. लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज, रोज दोन-तीन माणसं लागतातच, आणि ड्यूट्या लावायचं काम माझ्याकडे. मेलवर विचारलं की 'रिप्लाय ऑल'ची माळ लागायची. कुणी 'बघतो', कुणी 'पाडवा सोडून कधीही'. ते वाचून एक्सेलमध्ये भरण्यात संध्याकाळ जायची.

यंदा आउटलुकची, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मेल प्रोग्रॅमची, व्होटिंग बटणं वापरली: मेलमध्येच पर्यायांची बटणं येतात, समोरच्याने एक दाबून मत द्यायचं. क्लासिक आउटलुकमध्ये (संगणकावरच्या जुन्या रूपातल्या) नवीन मेल उघडून 'ऑप्शन्स' टॅबवर 'यूज व्होटिंग बटन्स' दाबलं की 'अप्रूव्ह-रिजेक्ट', 'येस-नो' असे तयार संच येतात. मला ते पुरणार नव्हते. खालच्या 'कस्टम'मध्ये आपले पर्याय मराठीतही लिहिता येतात. फक्त दोन पर्यायांमध्ये स्वल्पविराम नाही, सेमीकोलन द्यायचा.

खरा विचार करावा लागला तो प्रश्नाचा. 'कोणत्या दिवशी याल?' असं विचारलं की माणूस अंग चोरतो, त्यात त्याचा दोष नाही. म्हणून मी उलटं विचारलं: कोणता एक दिवस घरी हवाच? पर्याय दिले 'लक्ष्मीपूजन;पाडवा;भाऊबीज;कुठलाही चालेल'. ज्याचा पहिला दिवाळसण आहे त्याला पाडवा सोडवत नाही, जिचा भाऊ गावाहून येणार तिला भाऊबीज. हे लोकांना सांगायचंच असतं, कुणी विचारत नाही. उत्तरं भराभर आली.

मत नावानिशी येतं, पण फक्त मूळ मेल पाठवणाऱ्याकडे. साहेबांनी काय निवडलं हे बाकीच्यांना दिसत नाही, त्यामुळे नव्या मुलांनीही मोकळेपणाने सांगितलं. ही गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. नाव गुप्त ठेवायचं असेल तर मात्र ही सोय उपयोगाची नाही.

आलेल्या प्रत्येक उत्तराच्या विषयात आधी निवडलेला पर्याय दिसतो. हिशेब बघायचा तर 'सेंट आयटम्स'मधला आपला मूळ मेल उघडून 'ट्रॅकिंग' दाबायचं. पहिलं उत्तर येईपर्यंत ते दिसतच नाही, तेव्हा घाबरू नका, आणि तो मेल डिलीट करू नका. वर एकूण मतं, खाली नावं. नावांची यादी कॉपी करून थेट एक्सेलमध्ये चिकटवता येते. ज्यांच्यासमोर रकाना रिकामा, तेवढ्यांनाच आठवण केली. उगीच सगळ्यांना दुसरा मेल नाही.

कंत्राटी मंडळी जीमेल वापरतात, त्यांच्याकडे बटणं उमटली नाहीत. त्यांना फोन केला आणि त्यांची नावं यादीत हाताने भरली. सगळ्यात जास्त मागणी भाऊबीजेच्या सुट्टीला होती. त्या दिवसाची ड्यूटी 'कुठलाही चालेल' म्हणणाऱ्यांनी घेतली आणि बदल्यात त्यांना पाडवा सुट्टी दिली.