उद्या सकाळी साडेसहाला रात्र आहे

रविवार, २० जुलै २०२५
रात्रीचे सव्वादहा

दिवसभर पावसाची पिरपिर. गोडाऊनचं शटर अर्ध्यावर ओढून दिव्यांच्या माळा तपासत बसलो होतो. गणपती २७ ऑगस्टला, म्हणजे हातात जेमतेम सव्वा महिना, आणि गेल्या वर्षीच्या निम्म्या माळांची वायर उंदरांनी कुरतडलेली. कामाला दोन पोरं होती म्हणून बरं, कारण माझं लक्ष टेस्टरवर नव्हतंच. तीनदा घड्याळ बघितलं आणि तिन्ही वेळा मनातल्या मनात साडेनऊ तास वजा केले.

उद्या सकाळी इथं साडेसहा वाजतील तेव्हा फ्लोरिडात आज रात्रीचे नऊ वाजलेले असतील. तिथल्या मॅजिक किंगडममध्ये, म्हणजे डिस्नेच्या पार्कात, आजपासून रात्रीची नवी परेड सुरू होतीय, दिव्यांच्या गाड्यांची मिरवणूक. स्टारलाइट नाव तिचं. गेल्या ऑगस्टात त्यांनी जाहीर केली, तेव्हापासून मी दिवस मोजतोय. त्रेपन्न वर्षांचा माणूस, कोल्हापुरात मंगळवार पेठेत लायटिंगचा धंदा, आणि डिस्नेच्या परेडसाठी झोप उडालेली. मुलगी परवा म्हणाली, "बाबा, हे कुणाला सांगू नका." म्हणून इथं लिहितोय.

२०१५ च्या मे महिन्यात बहिणीकडं फ्लोरिडातच टँपाला गेलो होतो, तेव्हा मॅजिक किंगडममधली जुनी परेड बघितली होती. मेन स्ट्रीट इलेक्ट्रिकल परेड. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये १९७२ च्या जूनमध्ये ती पहिल्यांदा निघाली, माझ्या जन्माच्या वर्षी. फ्लोरिडात १९७७ मध्ये आली. मधे बंद व्हायची, परत यायची, आणि शेवटी ९ ऑक्टोबर २०१६ ला तिथून कायमची गेली. तेव्हापासून पावणेनऊ वर्षं त्या पार्कात रात्रीची रोजची मिरवणूकच नाही. आतषबाजी असते, राजवाड्यावर चित्रं फिरवतात, पण आतषबाजी मान वर करून बघायची. मिरवणूक आपल्या समोरनं जाते, आणि हे कोल्हापूरकराला समजावून सांगावं लागत नाही.

त्या रात्री आम्ही तासभर आधी फुटपाथच्या कडेला बूड टेकून बसलो होतो. मग यंत्रातनं आल्यासारखा एक आवाज झाला आणि रस्त्यावरचे दिवे मंद होत गेले. दुकानांचेसुद्धा. एवढी हजारो माणसं, पण कुणी ओरडलं नाही, शिट्टी मारली नाही, सगळ्यांनी नुसता श्वास आत घेतला. मी पंचवीस-तीस वर्षं दिवे लावतोय, पण असा अंधार मला कुणी आजवर दिलेला नाही. आपल्याकडं मिरजकर तिकटीला आपली गाडी उभी असते तेव्हा वर हॅलोजन, बाजूला दुकानाचा बोर्ड, मागं दुसऱ्या मंडळाच्या शार्पी, म्हणजे झोताचे दिवे, आभाळात भाले फेकतायत. त्यात आपल्या झिरोच्या बल्बानं काय दिसावं?

मग ती गोगलगाय आली. दिव्यांची गोगलगाय, जागच्या जागी गरागरा फिरणारी, मागं कासवं. आत माणूस बसून चालवतोय हे कळत होतं, तरी कळत नव्हतं. लोक वर बघत होते, मी वाकून खाली बघत होतो, वायरिंग कुठनं नेलंय ते. बहिणीनं शर्ट धरून मागं ओढलं.

सगळ्यात जास्त ऐकत राहावं असं वाटलं ते गाणं. गाड्या बॅटरीवर चालतात, त्यामुळं जनरेटरची घरघर नाही. रस्त्याचे तुकडे पाडलेले असतात. गाडी एका तुकड्यातनं दुसऱ्यात शिरली की रेडिओवरनं इशारा जातो आणि त्या तुकड्यातले स्पीकर त्या गाडीचं संगीत उचलतात. खालची मूळ चाल सगळीकडं तीच, म्हणून एका गाडीचं गाणं दुसरीच्या अंगावर जात नाही. हे मी परत आल्यावर एका मंडळाच्या अध्यक्षांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "असं केलं तर आमचा आवाज मोठा हे लोकांना कळणार कसं?" ह्याला उत्तर नाही. महाद्वार रोडला दोन मंडळांच्या स्पीकरच्या भिंती आमनेसामने लागल्या की मधल्या माणसाची छाती दोन तालांवर उडते, ती उडावी हाच तर हेतू असतो.

आता नवीन काय काय आहे ते मी शक्यतो वाचलेलं नाही. पुढं निळी परी असणार एवढं माहीत आहे, पिनोकिओतली. जुन्या परेडच्या पहिल्या वर्षांतही पुढं तीच असायची, म्हणजे ज्यानं हे ठरवलं त्याला जुनं आठवतंय. बरं वाटलं. याच महिन्यात त्यांनी पार्कातली नदी आणि जुनी वाफेची बोट कायमची बंद केली, ६ तारखेला शेवटची फेरी. ते वाचून बहीण दोन दिवस गप्प होती. एका हातानं काढून घेतात आणि दुसऱ्या हातानं देतात, धंदाच आहे शेवटी. मुळात १९७२ ची परेडही काय होती, तर उन्हाळ्यात लोकांनी संध्याकाळी घरी न जाता पार्कात थांबावं यासाठी काढलेली युक्ती.

आईला संध्याकाळी सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "देव कुठला असतो त्यात?"

म्हटलं, देव नसतो, पऱ्या, राजकन्या असतात.

"मग लोक कशाला बसत्यात चार तास?"

आणि परत स्वतःच म्हणाली, "आपण न्हाई का बसत अंबाबाईच्या रथाला."

खरंच की. चैत्रात जोतिबाची यात्रा झाली की दुसऱ्या दिवशी रात्री रथ निघतो. गुजरीत संध्याकाळपासनं रांगोळ्या घालायला सुरुवात, कठड्यावर पोरं लटकलेली, बायका पायऱ्यांवर जागा धरून. रथ अजून महाद्वारातच असतो पण आपल्यापाशी आवाज आधी येतो, मग उजेड भिंतीवर चढतो, आणि मग रथ. आईनं फ्लोरिडा न बघता पाच मिनिटांत जे सांगितलं ते मी दहा वर्षं घोकतोय.

पण माझा जीव अडकलाय तो दुसऱ्याच गोष्टीत. ती लिहायची म्हणूनच वही घेतली.

१९८६ ची विसर्जन मिरवणूक. मी चौदा वर्षांचा, बहीण सात. वडलांनी एका मंडळाच्या ट्रॉलीवर मोर केला होता. लोखंडी सळ्यांचा सांगाडा, झिरोचे बल्ब, वर निळा-हिरवा जिलेटिन पेपर. पिसारा फुलायचा तो ड्रमवर. तेव्हा कंट्रोलर वगैरे कुठलं आलंय? लाकडाचा हातभर लांब ड्रम, त्यावर तांब्याच्या पट्ट्या तिरक्या ठोकलेल्या, आणि समोर पितळी पात्यांची रांग. ड्रम फिरला की पट्टी एकेका पात्याला टेकत जायची, ज्या पात्याला टेकेल त्या ओळीचे बल्ब लागायचे. बारा पाती, बारा ओळी. फिरवायला जुन्या शिलाई मशीनची मोटर. अंधारात ड्रमजवळ बसलं की निळ्या ठिणग्या दिसायच्या आणि चट चट आवाज यायचा.

बिनखांबी गणेश मंदिरापाशी मोटर जळाली. तो वास मला आजही कुठंही ओळखू येतो, कॉइलचं वार्निश जळाल्याचा. मोर अर्धा फुललेला, तसाच अडकला. खाली कार्यकर्ते ओरडायला लागले. वडील काही बोलले नाहीत. बेल्ट काढला, ड्रमच्या दांड्याला फडकं गुंडाळलं आणि हातानं फिरवायला लागले. तिथनं महाद्वार, पापाची तिकटी, गंगावेशीपर्यंत. किती तास गेले ते सांगता येणार नाही, मिरवणुकीला तास नसतात. दमले की मोर हळू फुलायचा. मधेच मी हात लावायचो, तेव्हा घाईघाईनं फुलायचा आणि ते हातानंच खुणावायचे, सावकाश. कधी पिसारा पूर्ण उघडला की ते दोन क्षण थांबायचे, बहुतेक खांदा दुखत असेल म्हणून. बहीण ट्रॉलीवरच पोत्यावर झोपली होती, मधे मधे उठून मोर बघायची.

पुढच्या वर्षी मंडळवाले आले आणि म्हणाले, गेल्या वर्षीसारखाच मोर पाहिजे, थांबत थांबत फुलणारा, जित्ता वाटायचा. वडलांनी नवीन मोटर घातली, दोनदा गिअर बदलून बघितले. नाही जमलं. "हातानं फिरवला होता" हे मात्र त्यांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. धंद्यात मोटर जळाली हे सांगायचं नसतं.

आता माझ्याकडं लॅपटॉप आहे, हजार-हजार चॅनेलचा प्रोग्राम एका रात्रीत बसवतो. पण एलईडीची एक खोड आहे. लागते फटकन आणि विझतेही फटकन. जुन्या बल्बातली तार तापायला आणि निवायला क्षणभर घ्यायची, त्यामुळं विझताना तो आधी लालसर व्हायचा, मग जायचा. एलईडी सावकाश मंद करत नेली तरी अगदी शेवटी, तळाशी, पायऱ्या दिसतात. जिना उतरल्यासारखी थडथड उतरते आणि गप्प. स्वस्त कंट्रोलरला तर ते फारच दिसतं. गेली आठ-दहा वर्षं मी त्या शेवटच्या दोन पायऱ्यांशी झटतोय. मंडळाच्या पोरांना त्याचं सोयरसुतक नाही, त्यांना लेसर पाहिजे. दोन-तीन वर्षं डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या येतायत तरी पाहिजे. मी लावत नाही, त्यामुळं यंदा दोन ऑर्डरी गेल्या.

तर मला उद्या बघायचंय ते एवढंच. इतका पैसा, इतकी माणसं, इतकं तंत्र. त्यांचा दिवा विझतो कसा?

आणि इथंच घोळ आहे. बहीण म्हणाली होती, व्हिडिओ कॉल लावतो. (चौदा वर्षं तिकडं काढली तरी हिचं कोल्हापुरी बायकांचं ‘मी गेलो, मी बसलो’ सुटलेलं नाही. टँपातल्या मराठी बायका म्हणे आधी दचकायच्या.) पण मोबाइलचा कॅमेरा अंधारात स्वतःच उजेड वाढवतो, काळ्याचं करडं करून टाकतो. एलईडीवर धरला तर पट्टे उमटतात. म्हणजे मला जे बघायचंय नेमकं तेच त्यात मरणार. वर रेंज तुटली की चित्र चौकोन चौकोन. पहिल्यांदा बघायचं ते असं? दुसऱ्या दिवशी यूट्यूबवर चांगल्या कॅमेऱ्याचे शंभर व्हिडिओ येतील, पण तेही कॅमेऱ्याच्याच डोळ्यांनी.

काल तिला फोन करून सांगितलं, व्हिडिओ नको. नुसता फोन लाव, कॅमेरा बंद. गाणं मी ऐकतो. तू दिव्यांकडं बघ, आणि विझताना कसे विझतात तेवढं मला सांग.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मोरासारखे विझत्यात का ते बघू न्हवं?"

मी हो म्हणालो.

जेवताना मुलीला हे कळलं तर म्हणाली, "म्हणजे दिव्यांची परेड तुम्ही कानानं बघणार?" बायको हसली नाही, ती फक्त म्हणाली की उद्या एकादशी आहे, साबुदाणा भिजत घातलाय, फोन किती वाजता संपणार तेवढं सांगा.

गुरुवारी दिव्यांची आवस. आईनं आजच फडताळातनं समया, निरांजनं, लामणदिवा काढून ठेवलाय, चिंच भिजवायची आठवण मला दोनदा करून झाली. त्या गडबडीत माळ्यावरनं मी ड्रमही खाली काढला. पट्ट्या काळ्या पडल्यात, दोन पाती मोडलीत, दांड्यावर फडक्याचा एक धागा अजून चिकटून आहे. आई बघत होती. म्हणाली, "ठेव हितं, गुरवारी त्यालाबी घासू."

आत्ताच बहिणीचा मेसेज आला. तिथं दुपारचा पाऊण वाजलाय. ‘पोचलो दादा. ढग आलेत. रेनकोट हायत.’ जुलैत तिथं दुपारनंतर गडगडाट ठरलेला, आणि विजा चमकल्या की परेड रद्द. इकडं पंचगंगेकडं बघायचं, तिकडं आभाळाकडं. मी लिहिलं, पाऊस थांबेल. तिनं लिहिलं, तुला काय माहीत. बरोबर आहे.

सहाचा गजर लावला. मग पावणेसहाचा केला. फोन चार्जिंगला लावलाय, उशीजवळच, वायर जरा आखूड पडतीय.