हात म्हणजे सात

नवापूरला गुजरातची हद्द इतकी जवळ की रेल्वे स्टेशनच दोन राज्यांत विभागलंय. त्याच भागातल्या एका शाळेत मी आठवीच्या सेमी इंग्रजी वर्गाला गणित शिकवत होते. घटक चाचणीत सात बाजूंच्या बहुभुजाकृतीचं नाव आणि तिच्या आंतरकोनांची बेरीज विचारली होती. एका मुलीने बेरीज अचूक काढली, 5 गुणिले 180, म्हणजे 900 अंश. नाव मात्र ‘हेप्टागॉन’ऐवजी लिहिलं ‘सेप्टागॉन’. मी अर्धा गुण कापला.

पेपर वाटल्यावर ती जागेवरच उभी राहिली. “मॅडम, सप्त म्हणजे सात ना? पंचचं पेंटा, अष्टचं ऑक्टा, दशचं डेका. मग सप्तचं सेप्टाच व्हायला पाहिजे. हेप्टा कुठून आलं?”

नावं पाठ करा, एवढंच मी आजवर सांगत आले होते. हिने मात्र ती जुळवून पाहिली होती. मी खडू घेतला. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच कुळातल्या भाषा. ‘सेप्टा’ चुकलं ते लॅटिनमुळे: तिकडे सात म्हणजे ‘सेप्टेम’. जुन्या रोमन पंचांगात सप्टेंबर सातवा महिना होता, त्याचं नाव त्यावरूनच. ‘गॉन’ मात्र ग्रीक, म्हणजे कोन. आणि ग्रीकमध्ये शब्दाच्या सुरुवातीला, पुढे स्वर असला की, मूळच्या ‘स’चा ‘ह’ झाला. म्हणून सप्त तिकडे हेप्टा.

“‘स’चा ‘ह’ कसा होईल?” मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं.

ती मुलगी खाली बसली होती. तिथूनच हळू आवाजात म्हणाली, “होतो. माझी आजी सुरतेकडची आहे. ती सातला हात म्हणते. सुरतला हुरत.”

वर्ग हसला. एकाने पंजा वर करून पाच बोटं दाखवली. तिची मान खाली गेली. हे हसू तिने आधीही ऐकलं असणार, आणि ते थांबवायला मी तिथे नव्हते, हे मला फार लागलं.

मी फळ्यावर एकाखाली एक लिहिलं: सप्त, हेप्टा. त्याखाली: सात, हात. हसू थांबलं. सुरती बोली ग्रीकांकडून काही शिकलेली नाही, दोन्ही बदल आपापल्या काळी, आपापल्या जागी झाले, हेही सांगितलं. पण माणसाची जीभ दोन्हीकडे तशीच वळली होती.

मग मुलं थांबेनात. षट् आणि हेक्सा कोणीतरी लगेच जुळवलं. मी टेट्राहेड्रॉन (चार पृष्ठांची घनाकृती) या शब्दातलं ‘हेड्रा’ दिलं. त्याचा अर्थ बैठक. “‘ह’चा ‘स’ करून बघा.” सद्, सदन, संसद, अशी उत्तरं आली. तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठलं नाही.

तेवढ्यात तिचा पुन्हा प्रश्न: “पुस्तकात नऊ बाजूंचा नोनागॉन आहे. तेही ग्रीक का?” नाही. ‘नोना’ लॅटिन, ‘गॉन’ ग्रीक. शुद्ध ग्रीक नाव एनिआगॉन. म्हणजे तिच्या सेप्टागॉनसारखीच सरमिसळ आपण नऊला बिनतक्रार चालवतो. मी तिचा पेपर मागून घेतला आणि अर्धा गुण परत दिला.

दुसऱ्या दिवशी तिने वहीत सात बाजूंची आकृती काढून आणली. खाली तीन नावं: हेप्टागॉन, सप्तकोन, आणि आजीला विचारून लिहिलेलं ‘हात खूणा’, म्हणजे तिच्या बोलीत सात कोपरे.