यातला खरा बेक कोणता?

तुम्ही विचारलेत म्हणून जरा सविस्तर लिहितो आहे. बेक हॅन्सन या अमेरिकन गायक-गीतकाराचे अल्बम मी ज्यांना ज्यांना सुचवले, त्यांच्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी हाच प्रश्न विचारला आहे: 'मिडनाइट व्हल्चर्स'मध्ये नाचऱ्या फंक संगीताच्या ठेक्यावर फॉल्सेटोत, म्हणजे बनावट उंच आवाजात, गाणारा आणि 'सी चेंज'मध्ये खालच्या पट्टीत, शब्द क्वचितच ताणत गाणारा माणूस एकच कसा, आणि त्यांतला खरा कोणता? या प्रश्नामागे एक शंकाही असते, की दर दोन-तीन वर्षांनी शैली बदलणाऱ्याजवळ स्वतःचे असे काही नसावे. माझे मत याच्या अगदी उलट आहे. बेक हा मुळात जुन्या अमेरिकन लोकगीतांच्या आणि ब्लूजच्या, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या जुन्या दुःखगीतांच्या, वळणाचा गायक आहे, आणि ते वळण त्याच्या हातात व गळ्यात इतके मुरलेले आहे की हिप-हॉप, ब्राझिली संगीत, सोल यांपैकी कशाच्याही शेजारी तो निर्धास्तपणे उभा राहू शकतो.

हे पाहायचे असेल तर 1994 या एका वर्षाकडे नीट लक्ष द्यावे. त्याआधीच्या वर्षी बाँग लोड या लॉस एंजेलिसमधल्या छोट्या कंपनीने त्याच्या 'लूझर' या गाण्याच्या अवघ्या 500 तबकड्या काढल्या होत्या, आणि त्या गाण्याने सर्वांचीच अपेक्षा ओलांडली. रॅपसारखे म्हटलेले गाणे म्हणून ते लोकांच्या लक्षात राहिले. परंतु त्याचा कणा आहे तो स्लाइड गिटारचा (तारांवर नळी सरकवून वाजवलेल्या गिटारचा), पुन्हा पुन्हा येणारा एक छोटा तुकडा, आणि तो थेट ब्लूजमधून आलेला आहे. पुढे डीजीसी या मोठ्या कंपनीशी करार करताना छोट्या कंपन्यांकडूनही अल्बम काढण्याची मोकळीक बेकने राखून ठेवली, आणि म्हणून 1994 मध्ये त्याचे एकाऐवजी तीन अल्बम निघाले. 'मेलो गोल्ड' सर्वांना ठाऊक असतो. माझ्या लेखी मोलाचा आहे तो के रेकॉर्ड्सने काढलेला 'वन फुट इन द ग्रेव्ह', कारण त्यात गिटार, आवाज आणि अधूनमधून एखादे साधे वाद्य यांपलीकडे फारसे काही नाही. त्यातले पहिलेच गाणे स्किप जेम्स या मिसिसिपीच्या ब्लूज गायकाच्या भक्तिगीतावरून घेतलेले आहे. ज्या तरुणाला त्या वर्षी सगळे एका विचित्र, हसऱ्या गाण्याचा धनी समजत होते, तो त्याच वेळी 1930च्या दशकातले गाणे इतक्या गांभीर्याने गात होता, ही गोष्ट पुढच्या सगळ्या वाटचालीची किल्ली आहे असे मला वाटते.

'ओडिले' (1996) हा त्याचा सर्वांत गाजलेला अल्बम, आणि शैलींची सरमिसळ म्हणून ज्याचे उदाहरण नेहमी दिले जाते तोही हाच. डस्ट ब्रदर्स या निर्मात्यांच्या जोडीने त्याआधी 1989 मध्ये बीस्टी बॉइज या रॅप संचाच्या 'पॉल्स बुटीक' या अल्बममध्ये जुन्या तबकड्यांवरच्या असंख्य तुकड्यांची वीण घातली होती. पण 1991च्या एका न्यायालयीन निकालानंतर असे तुकडे परवानगीशिवाय वापरणे धोक्याचे आणि परवानगी घेऊन वापरणे खर्चाचे झाले होते. त्यामुळे 'ओडिले'त तुकडे आहेतच, परंतु बरेचसे वादन बेकने स्वतः केलेले आहे, आणि अल्बमचे वैशिष्ट्य मला त्यातच दिसते. गिटारचा खरखरीत घाव, ऑर्गनचा सूर, मधेच माउथ ऑर्गन, एका गाण्यात अचानक उगवणारी शूबर्टच्या अपूर्ण सिंफनीची ओळ, हे सर्व ऐकताना आपण कोठून कोठे आलो हे कळत नाही, तरी चाल कोठेही तुटत नाही. नुसते तुकडे जोडणाऱ्याला हे जमले नसते. एखाद्या गाण्याला किती भार पेलवेल हे ज्याला गिटारवर एकट्याने गाऊन कळलेले आहे, त्यालाच ते जमते.

आजोबांचा वारसा येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. आईचे वडील अॅल हॅन्सन हे फ्लक्सस या प्रयोगशील कलाचळवळीतले कलावंत होते. चॉकलेटची वेष्टने आणि सिगारेटची थोटके चिकटवून ते स्त्रीदेहाच्या आकृती घडवीत. टाकून दिलेल्या वस्तूकडे कच्चा माल म्हणून पाहण्याची ही दृष्टी घरातच होती. आजोबा 1995 मध्ये गेले. 'ओडिले'ची पहिली ध्वनिमुद्रणे मंद, उदास, गिटारप्रधान गाण्यांची होती, आणि ती बहुतेक बाजूला ठेवून मग डस्ट ब्रदर्सबरोबरचा उत्साही अल्बम तयार झाला. त्या पहिल्या खेपेतले 'रॅमशॅकल' तेवढे अल्बमच्या शेवटी राहिले, आणि त्यात डबल बासवर आहेत जॅझमधले थोर वादक चार्ली हेडन. अल्बमभर एवढी धमाल झाल्यावर हे गाणे येते तेव्हा ते परके वाटत नाही, आणि त्यामुळे आधीच्या गाण्यांतली उदासीही मागाहून ऐकू येऊ लागते.

1998च्या 'म्यूटेशन्स'साठी त्याने निर्माता म्हणून नायजेल गॉडरिच यांना घेतले, सोबतीला आपला वादकसंच घेतला, आणि जेमतेम दोन आठवड्यांत अल्बम मुद्रित केला. त्यातल्या 'ट्रॉपिकालिया'त ब्राझीलच्या त्याच नावाच्या संगीतचळवळीला, विशेषतः ओस म्युतान्तेस या संचाला, उघड नमस्कार आहे. आपल्याकडच्या श्रोत्याने मात्र 'नोबडीज फॉल्ट बट माय ओन' हे गाणे अवश्य ऐकावे, कारण त्यात सतार आहे आणि तंबोऱ्याचा अखंड सूरही आहे. पाश्चात्त्य गाण्यात सतार आली की आपल्या मनात आधी अढी बसते, आणि पुष्कळदा ती योग्यही असते, कारण सतार तेथे अत्तराच्या फायासारखी वापरलेली असते. बेक येथे रागाचा आव आणत नाही, तानांची नक्कल करीत नाही. स्वतःलाच दोष देणारे एक संथ इंग्रजी गाणे तो त्या अखंड षड्जावर ठेवतो, आणि ते तेथे स्थिर राहते. मैफलीत तंबोरे जुळताना ज्यांना समाधान मिळते, त्यांना या गाण्याची जात लगेच ओळखू येईल.

'मिडनाइट व्हल्चर्स' (1999) प्रिन्स या अमेरिकन फंक-पॉप गायकाच्या वाटेवरचा आणि निखळ आनंदाचा आहे. त्यातल्या पहिल्याच गाण्यात ब्रास वाद्यांच्या गजरात बँजो आणि पेडल स्टील गिटार ही अमेरिकन ग्रामीण संगीतातली वाद्ये ऐकू येतात. म्हणजे लोकसंगीत तेथेही हजर आहेच.

आणि मग 2002 मध्ये 'सी चेंज' आला. नऊ वर्षांचे नाते तुटल्यानंतर लिहिलेली ही गाणी आहेत. त्यांत रॅप नाही, शब्दांचे खेळ नाहीत, कोणाचे उसने तुकडे नाहीत. आधीच्या अल्बममध्ये शब्द बहुधा नादासाठी निवडलेले असत. येथे ते इतके साधे आहेत की कागदावर वाचले तर फिके वाटावेत. पण बेकचे वडील डेव्हिड कँपबेल हे तंतुवाद्यांचे नामांकित संयोजक आहेत, आणि या अल्बममधला वाद्यवृंद त्यांनी लिहिलेला आहे. मुलाचा आवाज एका जागी थांबलेला असतो आणि वडिलांची व्हायोलिने त्याच्याभोवती वर वर चढत जातात, विशेषतः 'लोनसम टिअर्स'च्या शेवटी. तेथे ती इतकी चढतात की ऐकणाऱ्याला श्वास रोखावा लागतो, तरीही गायक आवाज वाढवत नाही. दुःख सांगताना इतका संयम पाळलेला अल्बम मला दुसरा माहीत नाही. अनेकांना वाटते की येथे बेकने मुखवटा उतरवला. मला तसे वाटत नाही, कारण 'वन फुट इन द ग्रेव्ह'मध्ये हाच आवाज आठ वर्षे आधी होता. येथे त्याच्याभोवती मोठा अवकाश उभा केला आहे, एवढेच.

'ग्वेरो' (2005), 'द इन्फर्मेशन' (2006) आणि डेंजर माउस या निर्मात्याने घडवलेला 'मॉडर्न गिल्ट' (2008) यांच्याविषयी थोडक्यात सांगतो. पहिल्यात लॉस एंजेलिसच्या स्पॅनिशभाषक वस्त्यांचे आवाज आहेत, जेथे तो लहानाचा मोठा झाला. दुसऱ्याचे मुखपृष्ठ कोरे ठेवून सोबत चिकटचित्रे दिली होती, आणि तेवढ्यामुळे ब्रिटनच्या अधिकृत क्रमवारीतून तो अपात्र ठरला. तिसरा आटोपशीर आणि काळवंडलेला आहे. तिन्ही चांगले आहेत, तिन्ही मी पुन्हा पुन्हा ऐकतो.

परंतु तुमच्या शंकेला बेकने स्वतःच दिलेले उत्तर मला 2012 मध्ये सापडते. त्या वर्षी त्याने 'साँग रीडर' काढले: वीस गाणी, ध्वनिमुद्रण एकही नाही, नुसते स्वरलेखन केलेले छापील कागद. गाणे ऐकायचे तर कोणीतरी ते वाजवले पाहिजे. ज्याची ओळख विचित्र ध्वनींचा कारागीर अशी होती, त्याने आपले ध्वनी सगळे काढून घेतले आणि चाल व शब्द तेवढे दुसऱ्यांच्या हाती दिले. लोकांनी ती गाणी पियानोवर, बँजोवर, अगदी समूहगानातही म्हटली, आणि ती टिकली.

2014च्या 'मॉर्निंग फेज'मध्ये 'सी चेंज'चे बरेचसे वादक परत आले आणि त्या अल्बमला वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचे ग्रॅमी मिळाले. 2017चा 'कलर्स' अतिशय चकचकीत आहे, 2019चा 'हायपरस्पेस' फारेल विल्यम्स या गायक-निर्मात्याच्या सोबतीने केलेला आणि विरळ. स्पष्ट सांगायचे तर 'कलर्स' हा एकच अल्बम मला थोडा दूरचा वाटतो, कारण त्यात निर्मितीची झळाळी चालीच्या पुढे धावते.

आता सुरुवात कोठून करावी, हेही तुम्ही विचारले होते. 'म्यूटेशन्स'पासून करावी, कारण त्यात सगळे धागे मोकळे दिसतात. त्यानंतर 'वन फुट इन द ग्रेव्ह' ऐकावा, आणि त्याचे शेवटचे गाणे संपले की मध्ये दुसरे काहीही न लावता 'ओडिले' संपूर्ण ऐकावा, 'रॅमशॅकल'पर्यंत.