पलीकडचा डॉक

पलीकडच्यांचा डॉक, म्हणजे तळ्यात उभा केलेला फळ्यांचा धक्का, आज पाण्यातून निघाला. सकाळी पडदा सारला तर त्यांच्या काठाला नुसतं पाणी. याचं इतकं वाईट का वाटावं? दरवर्षीच निघतो. मिनेसोटातल्या या व्हर्मिलियन तळ्यावर सप्टेंबर सरला की एकेक काठ ओका होत जातो. मेपल केव्हाच झडले, आता टॅमरॅक पिवळे पडलेत. सूचिपर्णी असून पानं गाळणारं झाड, नवख्यांना वाटतं वाळलं.

डॉक पाण्यात ठेवला तर काय होतं तेही ठाऊक आहे. थंडी कमी-जास्त झाली की बर्फाला भेगा जातात, भेगांत पाणी शिरून गोठतं आणि अख्खा थर काठाकडे रेटला जातो. डॉकचे पाय वाकतात. तेव्हा त्यांनी केलं ते बरोबरच. पण निदान सांगायचं तरी!

आधी फळ्या उचलायच्या, मग खोल पाण्याकडच्या टोकापासून एकेक भाग सोडवत काठाकडे यायचं. पायांचे स्क्रू गंजून बसलेले असतात, त्यांना आदल्या दिवशीच तेल सोडावं लागतं. म्हणजे कालपासून तयारी चालली होती. काल तर कुंपणापाशी बोलणंसुद्धा झालं. हवेबद्दल.

आईचा फोन... जाऊ दे.

लून पक्ष्यांचंही तेच. आईबाप आधी निघून जातात, त्या सालची पिल्लं मागे राहतात. हाडं भरीव, अंग जड; उडायला पाण्यावर लांबवर धावत जावं लागतं. मोकळं पाणी आक्रसलं की तिथेच अडकतात. तरी बहुतेक जण वेळेत उठतात आणि कुणी वाट न दाखवता समुद्र गाठतात, काही तर थेट मेक्सिकोच्या आखातापर्यंत. ‘मला सांगितलं नाही’ म्हणून एकही रुसून बसत नाही. रुसायला आम्ही आहोत, पन्नाशीच्या बायका, हातात चहाचा कप घेऊन.

असो. रात्री पारा शून्याखाली जायचा आहे, केबिनचं पाणी आजच उतरवायला हवं. हीटरची वीज आधी बंद, मग टाकी रिकामी. उलटं केलं तर कोरडा एलिमेंट जळतो. नळ सगळे उघडे. पंपाच्या तळाचा प्लग काढायचाच, तिथे राहिलेलं थोडं पाणीही गोठून केसिंग फोडतं. सिंकखालच्या वाकड्या पाइपात कपभर गुलाबी अँटीफ्रीझ, म्हणजे न गोठणारं द्रावण, कमोडमध्ये जरा जास्त. गाडीचं हिरवं अजिबात नाही, ते विषारी.

आणि बागेची होज. ती नळाला तशीच राहिली तर गोठू नये म्हणून बसवलेल्या नळातलंही पाणी बाहेर पडत नाही, पाइप भिंतीच्या आतल्या आत फुटतो. कळतं थेट मे महिन्यात, पाणी सुरू केल्यावर.